आधी तू चाख

"आधी तू चाख. मग मी."

हा आवाज धाकट्याच्या कानात इतकी वर्षं घर करून होता. कारखान्याच्या खानावळीत, वाफेने भिंतींना घाम फुटलेला असताना, तिथली आचारीण थोरली भरलेली पळी आपल्या या मदतनिसापुढे धरायची. तो चाखायचा, ती परीक्षकासारखी बघत राहायची. मग तळहातावर थेंब घेऊन जिभेला लावायची आणि निकाल सांगायची. "मीठ बघ." "उकळू दे अजून." सगळं जुळून आलं, की फक्त एवढंच, "वाढायला घ्या."

छान झालंय, असं ती त्याला कधी म्हणाली नाही. एकदाही नाही.

आता धाकट्याचं स्वतःचं हॉटेल होतं. पांढऱ्याशुभ्र चादरींची टेबलं, फुंकरीने फुटतील असे पेले, महिनाभर आधी जागा राखून ठेवणारी माणसं. आठवड्याच्या सुट्टीच्या दुपारी त्याने खानावळीतल्या तिघांना जेवायला बोलावलं होतं. वाढपी लंब्या, भाज्या चिरणारी बडबडी, आणि जिच्या शब्दाशिवाय पातेलं चुलीवरून उतरत नसे ती थोरली. स्वयंपाक त्याने एकट्याने केला होता. वाढतही तोच होता.

"काटे किती हे?" लंब्या म्हणाला. "जेवायचंय की टाके घालायचेत?"

"बाहेरच्या काट्यापासून आत यायचं असतं," बडबडी म्हणाली. "नव्या सुनेसारखं. बिचकत बिचकत."

भोपळ्याचं सूप आलं. पहिल्याच घोटाला लंब्याने डोळे मिटले. थोरलीने चमचा हातात धरला आणि धाकट्याकडे पाहिलं.

"तू पण घे की."

"मी आत चाखलंय, ताई. तुम्ही सगळे घ्या."

"बस तरी."

तो चौथ्या खुर्चीवर टेकला, पण पुढ्यात काही न घेता. पाहुण्यांच्या पंगतीत यजमानाने खायचं नाही, हा त्याचा नेम. थोरलीने वाडगा संपवला.

"गरम आहे," ती म्हणाली. "घशाला बरं वाटलं."

धाकटा हसला, आणि वाडगे उचलून आत गेला. ओट्याला टेकून क्षणभर उभा राहिला. कौतुकाच्या पावसात तो किती भिजला होता! पण आतली एक विहीर कोरडी ती कोरडीच. तिचा झरा दुसरीकडे होता, आणि तो आज बाहेर टेबलापाशी बसला होता.

मंद आचेवर भाजलेला कांदा आला. "मऊ झालाय," थोरली म्हणाली. मासा आला. "काटा नाही एकही. हात बसलाय तुझा." माशाशेजारची लिंबाची फोड लंब्याने चोखली आणि तोंड पार आवळून घेतलं. थोरलीने आपली फोड सालासकट शांतपणे चावून खाल्ली.

"हिला आंबट काय बाधणार," बडबडी म्हणाली. "स्वभावच तिखट." आणि तिने जुनंच गाणं धरलं, भाजी चिरताना सुरीच्या ठेक्यावर म्हणायची ते.

"चूल एक, माणसं चार,
ताईच्या जिभेला सुरीची धार."

"आणि हा," लंब्याने धाकट्याकडे बोट दाखवलं, "पळी ओठाला लागली की याची डावी भुवई सुटलीच. टाचणीने उचलल्यासारखी वर! भुवई कसली, ढोलकीवरची नाची."

दोघं पोट धरून हसले. थोरली ताटलीकडे बघत राहिली.

"पण हा आठवडाभर तापाने पडला होता, तेव्हाची गंमत आठवते?" बडबडी म्हणाली. "रोज खारट. कामगार ताटं आपटून गेले."

"मसाला शिळा निघाला होता," थोरली म्हणाली.

"असेल. पण हा हॉटेलात गेला, आणि वर्षाच्या आत तूही पळी खाली ठेवलीस की."

"हात दुखत होते गं."

धाकट्याने ताटल्या एकावर एक रचल्या. तो गेला होता तो रुसून. जिच्यापाशी एक गोड शब्द नाही तिची चूल फुंकायची कशाला, असं मनात म्हणत. वेशीपर्यंत मागे वळून बघत गेला होता, तिने हाक मारावी म्हणून. तिने मारली नव्हती.

शेवटी मधात शिजवलेली नासपती आली. ती खाऊन लंब्या आणि बडबडी त्याचं स्वयंपाकघर बघायला आत गेले. झाकणं उघडून बघितल्याचे आवाज येऊ लागले. टेबलाशी दोघंच उरली. थोरलीच्या सगळ्या ताटल्या लख्ख परत गेल्या होत्या. शब्द मात्र आला नव्हता.

"ताई," तो म्हणाला, "आज खरं सांग. जमलंय का मला?"

थोरलीने मांडीवरचा रुमाल उचलला, त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"तू आज काहीच खाल्लं नाहीस," ती म्हणाली. "मग मला कसं कळावं?"

"म्हणजे?"

"तापात जीभ गेली रे माझी. मीठ नाही, साखर नाही. सगळं नुसतं गरम नाहीतर गार."

त्याने तिचा हात धरला. उशीर झाला, एवढंच त्याला कळलं. दोन-चार वर्षं आधी बोलावलं असतं तर...

"कधी गं? मला कळवलं का नाहीस?"

"कुणालाच नाही कळवलं. चवीवाचून आचारीण कोण ठेवेल? चूल हातची गेली असती."

"पण चूल तर तू कधीच सोडलीस. ताप आला कधी?"

"तू खानावळीत आलास त्याच्या आदल्या वर्षी."

आत कुठलंसं झाकण खणकन पडलं.

"मग रोज ते 'मीठ बघ'... ते कोण सांगायचं तुला?"

थोरलीने हात पुढे केला, आणि त्याच्या डाव्या भुवईवरून हलकेच बोट फिरवलं.

"ही."