चारचा फोन

चार वाजायला दहा मिनिटं असताना पिंपकाकांनी खिशातून कंगवा काढला आणि उरलेसुरले केस नीट बसवले.

"काका, फोन आहे तो. पलीकडून दिसत नाही काही," शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला म्हणाला.

"तुला काय कळतंय? विस्कटलेल्या माणसाचा आवाजही विस्कटलेलाच जातो."

नियंत्रण कक्षातली बाकीची मंडळी एकमेकांकडे बघून हसली. पण आज हसण्यात जोर नव्हता.

काकांना पिंप म्हणत ते दोन कारणांनी. एक तर तीस वर्षं त्यांनी तेलाच्या टाक्या सांभाळल्या होत्या. दुसरं कारण त्यांच्या पट्ट्याच्या शेवटच्या भोकाला विचारावं. समुद्रापलीकडच्या देशाशी समुद्राखालून वीजवाहिनी टाकायचा करार झाला तेव्हा सगळ्यात मोठं आकांडतांडव केलं ते काकांनीच. दिवसा इकडच्या उन्हाची वीज तिकडे जायची, रात्री तिकडच्या वाऱ्याची वीज इकडे यायची, असा तो करार. "पायाखाली तेलाचा समुद्र आणि आपण उन्हं विकायची?" काका गरजत. "उद्या सावलीही मोजून द्याल!" त्या दिवसांत ते जेवतानाही भांडत. तोंडाला हाड नव्हतंच. चव्हाट्यावर बोलले ते लोक विसरले, पण घरात असं काही बोलून बसले की ते परत घेता येईना.

आणि मग एके सकाळी पलीकडच्या केंद्रात काम करणाऱ्यांचा फोटो पेपरात आला. काका चहा गार होईपर्यंत तो बघत बसले. कात्रीनं कापून पाकिटात ठेवला. दुसऱ्याच दिवशी तेलाची नोकरी सोडून त्यांनी इकडच्या केंद्रात अर्ज टाकला. वय वर्षं अठ्ठावन्न, आणि विजेतलं ओ की ठो कळत नव्हतं! मुलांच्या वयाच्या लोकांशेजारी बसून शिकले, परीक्षेत दोनदा आपटले, तिसऱ्यांदा पास झाले. बिऱ्हाड उचलून काकूंसह केंद्राच्या वसाहतीत राहायला आले.

काम तसं साधं. रोज चार वाजता दोन्ही केंद्रांनी एकमेकांना विजेच्या देवाणघेवाणीचे सहा आकडे तोंडी सांगायचे. एकानं सांगायचे, दुसऱ्यानं तसेच परत म्हणायचे, पहिल्यानं "बरोबर" म्हणायचं. मगच वीज सोडायची कळ दाबायची. आकड्यांपलीकडे चकार शब्द नाही, कारण सगळं रेकॉर्ड होई. सुरुवातीला दोन्हीकडची मंडळी कोणी कोणाला लुटलं यावर तासतासभर हमरीतुमरीवर येत, म्हणून हा नियम.

पलीकडून एका बाईचा आवाज येई. स्पष्ट, कोरडा, घाई नसलेला. त्या आवाजापायी काकांनी चार वर्षं दुसरी पाळी घेतली नाही. बढती आली, ती नाकारली. ताप अंगात घेऊन आले. ती रजेवर असली की काका सहा आकड्यांत आठ चुका करत.

संध्याकाळी काकू दारातच उभ्या असत.

"आज बोलली?"

"बोलली."

"काय?"

"सहाशे चाळीस."

मग आत पातेलं आपटल्याचा आवाज. थोड्या वेळानं, "खोकत होती का?"

"जराशी."

एवढं झालं की मग त्या रात्री घरात कोणी कोणाशी बोलत नसे. भिंत पातळ होती, शेजारीण हळवी होती, आणि चष्मेवाला तिचा सख्खा भाऊ होता. त्यामुळे नियंत्रण कक्षात कोणाला काही कळायचं बाकी नव्हतं. "या वयात!" म्हणून ते मान हलवत, आणि चार वाजता काकांची खुर्ची रिकामी ठेवत.

आज शेवटचा फोन होता. उद्यापासून दोन्हीकडची यंत्रं आपापसात बोलणार होती. यंत्रांना खोकला नसतो, रजा नसते. तो आवाजही नसणार होता. काकांनी आठवडाभर एक वाक्य घोटून ठेवलं होतं. आकड्यांपलीकडचं, एकच. नोकरी गेली तर जावो.

चाराला दोन मिनिटं असताना दार उघडलं. दारात काकू. पायात घरातल्याच चपला. पहारेकऱ्यानं त्यांना अडवलं नव्हतं. त्यांचा चेहरा बघून त्याला स्वतःचा संसार आठवला असावा.

"काकू, बाहेरच्यांना आत..." चष्मेवाला चाचरला.

"मी बाहेरची? चार वर्षं हा फोन माझ्या ताटाशेजारी जेवायला बसतोय!"

"अगं, इथे नको," काका पुटपुटले.

"मग कुठे? उद्यापासून कुठे?"

काका काही बोलायच्या आत फोन वाजला. आज निरोपाचा म्हणून चष्मेवाल्यानं हौसेनं स्पीकर लावून ठेवला होता. आता तो बंद करायला कोणाचा हात उठेना.

काकांनी सहा आकडे सांगितले. पलीकडून सहाही परत आले, नेहमीपेक्षा सावकाश.

"बरोबर," काका म्हणाले. मग आठवडाभर घोटलेल्या वाक्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, आणि त्याऐवजी खिशातून पुन्हा कंगवा काढला. पलीकडूनही फोन खाली ठेवला जात नव्हता.

काकूंनी रिसीव्हर हिसकावला. चष्मेवाल्यानं डोळे मिटून घेतले.

"चार वर्षं," काकू म्हणाल्या. "चार वर्षं माझ्या नवऱ्याशी बोलतेस. माझ्याशी एकदा बोलावंसं वाटलं नाही तुला?"

मग स्पीकरमध्ये कोणीतरी नाक ओढलं.

"आई, बाबांना बोलताना दम लागतोय गं. गोळ्या वेळेवर घेतात ना ते?"