प्लास्टरच्या आतली खाज

उजवा हात मोडल्यापासून साधी कामंसुद्धा माझा अंत पाहत होती. बरणी गुडघ्यांत दाबून उघडायची, ताटली पोटाशी धरून घासायची. वेणी सासूबाई घालायच्या. हे सगळं निभावलं, पण प्लास्टरच्या आतली खाज जीव नकोसा करायची.

“आत काहीही घालायचं नाही,” डॉक्टरांनी बजावलं होतं.

“त्यांचं काय जातंय सांगायला!” म्हणत सासूबाईंनी विणकामाची जास्तीची लांब सुई माझ्या डाव्या हातात दिली.

सुई नेमकी जागेवर लागली. सुखाने डोळेच मिटले माझे. “अजून थोडं खाली,” मी पुटपुटले, आणि खाजवणं खाली सरकलं.

डोळे उघडले, तर सुई सासूबाईंच्या मांडीवर, लोकरीच्या गुंड्यात खोचलेली.

“आई, सुई कधी घेतलीत?”

“मघाशीच. तूच नाही का दिलीस?”

प्लास्टरमधून डोकावणारी माझी पाचही बोटं उशीवर गप्प पडली होती. आत मात्र कोणीतरी हलक्या हाताने खाजवतच होतं.

“बास,” मी कसंबसं म्हणाले. ते थांबलं.

कोणाला सांगणार? वेड्यात काढलं असतं. शिवाय, खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. मी नुसती जागा सांगायची.

आज वेणी घालताना सासूबाई म्हणाल्या, “उद्या प्लास्टर काढणार. सुटलीस गं बाई एकदाची!”

आतलं खाजवणं एकदम थांबलं.

मग माझ्या मनगटाभोवती, एकेक करून, बोटं घट्ट आवळली गेली.