सरळ दात्यांची पट्टी

“हा चालवणाऱ्याचा अपमान आहे,” मास्तर म्हणाले आणि हातातलं माहितीपत्रक त्यांनी शोरूमच्या टेबलावर आपटलं. सेल्समन कसंनुसं हसला. जावयाने खुर्ची जरा मागे घेतली.

जावई स्पोर्ट्स कार घेत होता. रंगसुद्धा ठरला होता. घोडं अडलं होतं ते स्टिअरिंगपाशी. साधं घ्यायचं, की जास्तीचे पैसे मोजून बदलत्या प्रमाणाचं? मास्तर त्याचे सासरे. त्यांनी तीस वर्षं लोकांना गाडी शिकवली होती, आणि जवळजवळ तितकीच वर्षं स्वतःची लाल टू-सीटर चालवली होती. त्यांना विचारल्याशिवाय सही करणं बरं दिसलं नसतं.

सेल्समनने पुन्हा एकदा समजावून पाहिलं. साध्या स्टिअरिंगमध्ये चाक जितकं फिरवाल, त्याच हिशेबाने टायर वळतात. यात टायर वळवणाऱ्या लोखंडी पट्टीचे दाते कमीजास्त अंतरावर असतात. चाक मधोमध असताना टायर थोडेच वळतात, म्हणून वेगात गाडी बिचकत नाही. चाक जास्त फिरवलं की ते भराभर वळतात, म्हणून अवघड वळणावर हातावर हात घ्यावा लागत नाही. खांद्याला त्रास कमी.

‘खांदा’ हा शब्द त्याने काढायला नको होता.

“म्हणजे मी करायचं काम लोखंडाच्या पट्टीने करायचं,” मास्तर म्हणाले, “आणि शाबासकी मी घ्यायची. असली लबाडी ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांना विका.”

मास्तरांचा संताप एकट्या सेल्समनवर नव्हता. गेल्या वर्षी जिन्यावरून पडून त्यांचा उजवा खांदा मोडला होता. चार महिने हात गळ्यात होता. जड स्टिअरिंगची गाडी आता विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यावर बायकोने आपलाच एक नियम काढला. त्यांच्या अरुंद गल्लीतून घराच्या फाटकात वळताना चाक पार टोकापर्यंत फिरवावं लागे. गाडी जर तिथे न थांबता, एका दमात आत आली नाही, तर किल्ली तिच्या कपाटात जाईल आणि गाडी विकली जाईल.

इतकी वर्षं शेजारी बसलेल्या बाईने अशी परीक्षा घ्यावी, हे मास्तरांच्या मनाला फार लागलं. त्यांनी रोज दोनदा टॉवेल पिळून व्यायाम केला. परीक्षेच्या दिवशी बायको फाटकाशी हाताची घडी घालून उभी होती. गाडी लोण्यासारखी आत आली. खांदा साधा ठणकलाही नाही. बायको तडक आत गेली आणि डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लिहून चिकटवत बसली. हरली म्हणून तोंड फिरवलं, असं मास्तर तेव्हापासून प्रत्येकाला सांगत होते.

“चला, साधं स्टिअरिंग म्हणजे काय ते दाखवतो,” ते जावयाला म्हणाले.

लाल गाडीतून त्यांनी जावयाला गावाबाहेरच्या घाटात नेलं. सरळ रस्त्यावर गाडी रेघ मारल्यासारखी गेली. सगळ्यात अवघड वळणावर मास्तरांचे हात चाकावरून हललेसुद्धा नाहीत. जावई थक्क झाला. आपल्याला इथे हातावर हात घ्यावा लागला असता, असं त्याने कबूल केलं.

“तीस वर्षांचा हात आहे,” मास्तर म्हणाले. “मोडला तरी विसरला नाही.”

जावयाने तिथूनच शोरूमला फोन लावला आणि साधं स्टिअरिंग सांगून टाकलं. तरी मास्तरांचं समाधान होईना. दाते डोळ्यांनी बघितल्याशिवाय आजकालच्या मुलांना काही पटत नाही, असं म्हणत त्यांनी गाडी आपल्या जुन्या मेकॅनिककडे वळवली.

या मेकॅनिकची एक रीत होती. गाडीतून काढलेला भाग तो फेकत नसे, गिऱ्हाइकाच्या घरी पोचवत असे. त्याला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला असे, आणि काम सांगणाऱ्याने त्यावर गाडीचा नंबर, तारीख आणि काय करायचं ते स्वतःच्या हाताने लिहिलेलं असे. पुढे वाद नको. मास्तरांचा माळा असल्या झिजलेल्या लोखंडाने भरला होता, आणि बायको त्यावरून करवादायची. खांदा मोडला तेव्हा गाडी महिनाभर इथे होती, पण त्या वेळी घरी काहीच आलं नाही. नुसतं तेलपाणी केलं, असं मेकॅनिक म्हणाला होता. गाडी किती निरोगी आहे हे सांगताना मास्तर हा दाखला हमखास देत.

मेकॅनिक खड्ड्यात उतरून एका गाडीखाली काम करत होता. साध्या स्टिअरिंगची दात्यांची पट्टी हवी आहे, असं मास्तरांनी वरूनच सांगितलं.

“फळीवरचं काही काढू नका, मास्तर,” तो घाईघाईने म्हणाला. “मी येतो वर.”

पण मास्तर फळीपाशी पोचलेही होते. मागच्या बाजूला, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पट्टी त्यांना सापडली. कागद फाडून त्यांनी ती उजेडात धरली.

“हे बघ. सगळे दाते एका मापाचे, एका अंतरावर. कुठे लपवाछपवी नाही. माझ्या गाडीत अगदी हीच आहे.”

जावई वाकून बघू लागला. पट्टीला बांधलेला पुठ्ठा मधे येत होता, म्हणून मास्तरांनी तो उलटा केला. त्यांच्याच गाडीचा नंबर होता. तारीख हात गळ्यात असतानाची होती. आणि खाली, घरातल्या प्रत्येक डब्यावर असतं त्या गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘बदलत्या प्रमाणाचं बसवा. ही जुनी घरी पाठवू नका. यांना वाटू दे की हात बरा झाला.’