कैदी ४१२ चा चेहरा

तुरुंगातले जुने ओळखफोटो कलादालनात आता यंत्रानं बोलते केले होते. छातीशी पाटी धरलेला कैदी ४१२ समोर येईल त्याला विचारायचा, "साहेब, मला कधी सोडणार?"

"'उद्या' म्हणा," संचालक बिवलकर प्रेक्षकांना सांगत, "मग चेहरा कसा उजळतो बघा!"

रांगेतून त्या कैद्याची सत्तरीची मुलगी वच्छला पुढे आली.

"बाईसाहेब, मला कधी सोडणार?"

तिला खोटं बोलवेना. "नाना, तुम्ही तुरुंगातच वारलात हो."

फोटोतला चेहरा हळूहळू कोसळला. बिवलकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "वा! काय चेहरा आहे!"

दुसऱ्या दिवशी तिथं नवी सूचना लागली : 'कृपया "तू इथंच मरणार" असे म्हणावे.'

यंत्र सुरू झालं. कालचं काहीच न आठवणाऱ्या नानांनी आशेनं विचारलं, "साहेब, मला कधी सोडणार?"

पहिल्या प्रेक्षकानं सूचना वाचून घसा खाकरला.