लाखात एक नाव

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या कैरोच्या रिफअतने लेकीसाठी फारसी, तुर्की, अगदी जपानी नावंसुद्धा धुंडाळली. बायकोने 'बसीमा' सुचवलं, तर तो फिसकन हसला. "असल्या पाच बसीमा आपल्याच गल्लीत आहेत. तुला काय कळतंय त्यातलं?"

सातव्या दिवशी तो जन्मनोंदणीच्या कचेरीत गेला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "फियोरेला! इटालियन आहे. म्हणजे इवलंसं फूल. लोकांनी नुसतं हे नाव घेत राहावं!"

खिडकीतल्या बाईंनी ते लिहून घेतलं आणि विचारलं, "आईचं नाव?"

रिफअतने मागे उभ्या असलेल्या पुरुषांकडे पाहिलं, खिडकीत तोंड खुपसलं आणि कुजबुजला,



"हळू हो बाई! बायकोचं नाव असं चारचौघांत घेतात का?"