निदान

"खरं सांग, कोण आहे तो?"

नंदाबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं. स्वयंपाकघराचं दार त्यांनी आतून लावून घेतलं होतं. हातात मृणालचा धुवायला टाकलेला कुर्ता होता आणि त्यावर छातीपाशी वाळलेले दोन डाग. दुधाचे. दोन पोरं वाढवलेल्या बाईला ते कुणी सांगावं लागत नाही.

"कोणी नाही गं आई. काय होतंय ते माझं मलाच कळत नाही."

"चार महिने पाळी नाही, आणि म्हणे कळत नाही!"

मृणाल भिंतीला टेकून उभी राहिली. तेवीस वर्षांची पोर, गावातल्याच फ्रीगंज भागातल्या शाळेत शिकवत होती. लग्न ठरलेलं. मुलगा, पराग, इंदूरजवळच्या पीथमपूरच्या नव्या कारखान्यात इंजिनियर. मार्गशीर्षातला मुहूर्त, म्हणजे जेमतेम दीड महिना हातात.

नंदाबाईंच्या डोळ्यांसमोर आता एकेक गोष्ट जुळत गेली. सकाळी उठल्या उठल्या दुखणारं डोकं. मधूनच होणारी उलटी. गेल्या महिन्यात टावर चौकात भर दुपारी पोरीनं लूना केळीवाल्याच्या ठेल्यात घातली होती आणि वर, "बाजूनं आला तो, दिसलाच नाही," म्हणाली होती. लक्ष ठिकाणावर असेल तर दिसेल ना! आणि तो तिच्या शाळेतला मास्तर, सौमित्र, एकदा तिला घरापर्यंत सोडायला आला होता.

"महाकालाची शपथ, आई."

"देवाला तरी सोड," नंदाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून मृणालची शाळा बंद झाली. नवरा, मधुकरराव, बँकेत. त्यांना सांगितलं की पोरीला बारीक ताप आहे. आठ दिवस नंदाबाई तिच्याशी बोलल्या नाहीत. ताट वाढायच्या, समोर सरकवायच्या आणि पाठ फिरवायच्या.

नवव्या दिवशी तिला डॉक्टरकडे नेलं. मराठी डॉक्टरीण नको होती. महाराष्ट्र समाजात संध्याकाळपर्यंत बोभाटा झाला असता. स्टेशनपलीकडे डॉक्टर जैन म्हणून एक बाई होत्या. पोरीला मोकळं करून द्या, एवढंच सांगायचं, असं नंदाबाईंनी रिक्षात बसल्या बसल्या ठरवून ठेवलं होतं.

डॉक्टर जैननी तपासलं, लघवीची तपासणी करवून घेतली. "बच्चा-वच्चा कुछ नहीं है, माताजी." मग त्या मृणालकडे वळल्या. "बेटी, सिर दुखता है क्या? आजू-बाजू का दिखना कम हुआ है?"

मृणालनं चमकून वर पाहिलं. तिला काय होतंय, हे इतक्या दिवसांत कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. डॉक्टरांनी दोन्ही बोटं तिच्या कानांपासून हळूहळू पुढे आणली. ती पार नाकासमोर येईपर्यंत तिला दिसली नाहीत.

रक्त मुंबईला गेलं. डोक्याचा सीटी स्कॅन इंदूरला झाला. रिपोर्ट यायला बारा दिवस लागले, आणि ते बाराही दिवस नंदाबाईंना वाटत राहिलं की पोरीनं डॉक्टरणीलाही आपल्या बाजूला वळवलंय.

तेराव्या दिवशी डॉक्टर जैननी फिल्म खिडकीच्या उजेडाकडे धरली. मेंदूच्या तळाशी पिट्यूटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते, त्या सांगू लागल्या. तिच्यावर गाठ आली आहे, चांगली बोराएवढी. ती शरीराला दूध तयार करायचा हुकूम देते, म्हणून दूध येतंय आणि पाळी थांबली. डोळ्यांच्या नसांवर तिचा दाब पडतोय, म्हणून बाजूचं दिसत नाही. हजारोंत एखादीला होतं हे. आधी गोळ्या देऊ. नाहीच भागलं तर मुंबईला नाकातून ऑपरेशन.

नंदाबाईंनी हात जोडले, कपाळाला लावले आणि हुंदके देऊन रडू लागल्या. डॉक्टरांनी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "हिम्मत रखिए माताजी. ज़्यादातर ठीक हो जाती है."

मृणाल रडली नाही. ती आईकडे बघत राहिली. मग तिनं फिल्म पाकिटात घातली आणि बाहेर जाऊन बाकावर बसली.

गोळ्या जहाल होत्या. पहिल्या महिन्यात मृणालच्या पोटात काही ठरेना. उठलं की गरगरायचं. नंदाबाई दहीभात कालवून स्वतःच्या हातानं भरवायच्या, भिंत धरून चालणाऱ्या पोरीच्या मागे मागे फिरायच्या. तिसऱ्या महिन्यात पाळी आली. डोकं दुखायचं थांबलं. मेमधल्या फिल्ममध्ये गाठ निम्मी झाली होती, आणि चौकातल्या टावरकडे पाहताना दोन्ही बाजूंची दुकानं मृणालला पुन्हा दिसू लागली होती. परागच्या घरच्यांनी आधी थोडं थांबू म्हटलं, नंतर काही कळवलंच नाही. मायलेकी सगळ्याबद्दल बोलत. त्या आठ दिवसांबद्दल कधीच नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मधुकररावांची बहीण अलका ग्वाल्हेरहून आली. जेवायला सगळे एकत्र बसले होते.

"वहिनी, डोक्यात गाठ म्हटल्यावर तुमच्या तर पायाखालची जमीनच सरकली असेल!"

नंदाबाईंचा आमरस वाढणारा हात थांबला.

"हो ना आत्या," मृणालच म्हणाली, अगदी सहज. "आई तिथल्या तिथे हुंदके देऊन रडली."

मधुकररावांनी बायकोकडे मायेनं पाहिलं. गोष्ट तिथे संपली असती. नंदाबाईंनी वाडगा खाली ठेवला.

"रडले खरी, अलकाताई," त्या म्हणाल्या. "पण पोटात मूल नाही, नुसती डोक्यात गाठ आहे, या आनंदानं रडले."