रानजाईचा प्रश्न

"मावशी, नियम सगळ्यांना सारखा. तुमची ती कोण, ते सांगा." एवढं लिहून डॉक्टरांनी फोन उपडा ठेवला आणि खुर्चीतल्या म्हाताऱ्याला पुन्हा आ करायला सांगितलं.

डॉक्टर दातांचे. फोनवरच्या त्या वाचकगटात मात्र ते रानजाई होते. तिशीतली, एकटी, बायकांवर प्रेम करणारी बाई. खातं खोटं, फोटो फुलाचा.

गट मावशी चालवायची. चाळिशीचीच होती, पण सगळे मावशी म्हणत. डॉक्टरांनी दोन बायकांच्या प्रेमावर कादंबरी लिहिली आणि शेवटी एकीला नदीत बुडवलं, तेव्हा मावशीने गटात लिहिलं होतं, "आमच्यातल्या एकीला मारल्याशिवाय यांची गोष्ट संपतच नाही. या लेखकाने घरातल्या बाईला तरी कधी काही विचारलंय का?"

मग गट तुटून पडला. तू कोण, तुला काय ठाऊक, कुठल्या तोंडाने लिहितोस? प्रकाशकाने उरलेल्या प्रती घरी पाठवल्या. आता त्या दवाखान्यात बाकावर पडून असतात आणि दाढदुखीने बेजार झालेले लोक त्यांनी वारा घेतात.

दात उपटणाऱ्या माणसाने दात धरला तो तेव्हापासून.

आता मावशीचीच कादंबरी येत होती. तिच्यातल्या दोघी म्हाताऱ्या होईपर्यंत जगत होत्या. माझ्या आणि 'तिच्या' प्रेमावरून लिहिलीय, एवढंच मावशीने गटात सांगितलं होतं, नाव नाही. डॉक्टरांना नेमका हाच मोका हवा होता. रानजाईच्या प्रश्नाखाली दुपारपर्यंत माना डोलवणाऱ्यांची रांग लागली. तीच माणसं, तोच आवेश. मावशीने एवढंच उत्तर दिलं, की माझं मी कधीच सांगितलंय, तिचं तिने सांगायचं. गट म्हणाला, ही पळवाट आहे.

डॉक्टरांना फार बरं वाटलं. इतकं बरं त्यांना स्वतःचं पुस्तक आलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

रानजाईचं गुपित एकट्या बायकोला ठाऊक होतं. ती दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसून वेळा द्यायची. सुरुवातीला तिला गंमत वाटली होती. बाई असं नाही लिहीत, म्हणत तिने रानजाईची वाक्यंही सुधारून दिली होती. या प्रश्नावर मात्र ती हसली नाही.

"पुरे कर आता," भांडी पुसता पुसता ती म्हणाली. "कुणाचं तरी घर मोडशील."

"मोडू दे. माझं पुस्तक बुडालं तेव्हा कोण आलं होतं रडायला?"

"आणि सांगितलं तिने, तर थांबशील?"

"सांगते कसली? कुणी असेल तर ना. सगळं थोतांड आहे."

तिने पातेलं जागेवर ठेवलं आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी प्रकाशकाने जाहीर केलं, की शंका मिटेपर्यंत मावशीचं पुस्तक थांबवलंय. मिटली नाही तर छापणारच नाही. डॉक्टरांनी बायकोला तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवला आणि तिच्यासमोरच शेवटचा घाव घातला, "खरी असेल तर येऊ दे समोर. फोटो दाखवा. नाहीतर मावशी खोटी."

बायको म्हणाली, डोकं दुखतंय, मी पुढे होते.

संध्याकाळी शेवटच्या रोग्याला चूळ भरायला सांगून डॉक्टरांनी फोन उघडला. गटात नुसता गलका चालला होता. रानजाईच्या प्रश्नाखाली कुणीतरी खऱ्या नावाने फोटो टाकला होता. मावशीच्या खांद्यावर डोकं ठेवून बसलेली ती बाई इतकी मनमोकळी हसत होती, की डॉक्टरांनी तिला पटकन ओळखलंच नाही.

फोटोखाली लिहिलं होतं, "पुरावा हवा होता ना, रानजाई? घे. जेवण झाकून ठेवलंय. माझी वाट बघू नकोस."